नरसिंग यादव उत्तेजक सेवन प्रकरण

नरसिंग यादव उत्तेजक सेवन प्रकरण हे इ.स. २०१६ मध्ये रिओ दि जानेरो ऑलिंपिकच्या तोंडावर उद्भवलेले भारतीय कुस्तीतील एक वादग्रस्त प्रकरण आहे. सलग तीन वर्षे 'महाराष्ट्र केसरी' ठरलेले मल्ल नरसिंग पंचम यादव यांच्या मूत्रनमुन्यात मेथॅनडायनोन हे प्रतिबंधित ॲनाबॉलिक स्टेरॉइड आढळले. आपल्या पेयात ते कोणीतरी कपटाने मिसळले, असे यादव यांनी सांगितले. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या (नाडा) शिस्तपालन समितीने हे म्हणणे ग्राह्य धरून १ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांना दोषमुक्त केले. मात्र जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने (वाडा) त्या निर्णयाविरुद्ध अपील केले आणि क्रीडा लवादाने १८ ऑगस्ट २०१६ रोजी, म्हणजे यादव यांच्या ऑलिंपिकमधील पहिल्या लढतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली. एकाच पुराव्यावर दोन न्यायपीठांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष काढल्यामुळे, खेळाडूच्या शब्दावर किती विश्वास ठेवावा आणि पुरावा कोणी द्यावा, हे प्रश्न या प्रकरणाने मराठी वाचकांपुढे आणले.

संज्ञेविषयी

मराठी वृत्तपत्रांत सर्वच प्रतिबंधित द्रव्यांना 'उत्तेजके' म्हणण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा असला तरी काटेकोर नाही. मज्जासंस्थेला तात्पुरती चेतना देणारी द्रव्ये तेवढी खऱ्या अर्थाने उत्तेजके होत. वाडाच्या यादीत तो अनेकांपैकी केवळ एक वर्ग आहे. ॲनाबॉलिक स्टेरॉइड हे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या धर्तीवर बनवलेले द्रव्य असून ते स्नायूंतील प्रथिननिर्मिती वाढवते. त्याचा परिणाम लढतीच्या दिवशी नव्हे, तर आधीच्या कित्येक आठवड्यांच्या सरावातून दिसतो. हा भेद केवळ शब्दाचा नाही. 'एकदाच पोटात गेलेल्या स्टेरॉइडचा उपयोग काय?' हा प्रश्न पुढे सुनावणीत निर्णायक ठरला, आणि 'उत्तेजक' हा शब्द मनात धरून वाचणाऱ्याला त्या प्रश्नातले मर्म कळत नाही. प्रस्तुत लेखात रूढ संज्ञा कायम ठेवली असली, तरी यादव यांच्या बाबतीत तिचा अर्थ 'स्टेरॉइड' असा घ्यावा.

पार्श्वभूमी

नरसिंग यादव यांचा जन्म ६ ऑगस्ट १९८९ रोजी झाला. त्यांचे कुटुंब मूळचे उत्तर प्रदेशातील वाराणसी परिसरातील. वडील मुंबईत दूधविक्रीचा व्यवसाय करीत. यादव यांची कुस्ती मुंबईत घडली. कांदिवलीच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात जगमाल सिंग हे त्यांचे प्रशिक्षक होते. इ.स. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ७४ किलो वजनगटात सुवर्णपदक जिंकले, तर २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. इ.स. २०१२ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे महाराष्ट्र पोलीस दलात त्यांची उपअधीक्षक म्हणून नेमणूक झाली.

महाराष्ट्रात त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते मात्र या पदकांमुळे नव्हे, तर गदेमुळे. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू केली. यादव यांनी २०११ मध्ये अकलूज, २०१२ मध्ये गोंदिया आणि २०१३ मध्ये पुण्याजवळील भोसरी येथे हा किताब जिंकला. सलग तीन वेळा तो जिंकणारे ते पहिले मल्ल होत. त्यांच्या पाठोपाठ विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ या काळात तसाच पराक्रम केला.

महाराष्ट्रातील कुस्तीला ऑलिंपिकची ओढ जुनी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. खाशाबांनाही त्या वेळी निवडीबाबत तक्रार करावी लागली आणि फेरलढत जिंकूनच त्यांना संघात स्थान मिळाले, असे सांगितले जाते. रिओच्या निवडीवरून २०१६ मध्ये वाद पेटला तेव्हा ही आठवण मराठी वाचकांना होणे स्वाभाविक होते, फक्त या वेळी फेरलढत मागणारा मल्ल दुसरा होता.

ऑलिंपिकच्या जागेचा वाद

सप्टेंबर २०१५ मध्ये लास वेगास येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत यादव यांनी ७४ किलो फ्रीस्टाइल गटात कांस्यपदक जिंकले. त्यामुळे या गटात रिओसाठी भारताला एक जागा मिळाली. अशी जागा नियमानुसार देशाची असते, व्यक्तीची नव्हे. परंतु ती मिळवणाऱ्या मल्लालाच पाठवण्याची भारतीय कुस्ती महासंघाची रीत होती.

बीजिंग (२००८, कांस्य) आणि लंडन (२०१२, रौप्य) अशी दोन ऑलिंपिक पदके मिळवलेले सुशील कुमार हे तोवर ६६ किलो गट सोडून ७४ किलोत आले होते. दुखापतीमुळे ते २०१५ च्या स्पर्धेत उतरले नव्हते. दोघांत निवडचाचणी घ्यावी, अशी मागणी त्यांनी केली. महासंघाने ती न मानल्याने प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ६ जून २०१६ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली आणि यादव यांची निवड पक्की झाली. पुढे जे घडले ते या निकालानंतर तीन आठवड्यांच्या आत घडले. कटाच्या शक्यतेची चर्चा वृत्तपत्रांत रंगली ती याच कालसंगतीमुळे. केवळ कालसंगती म्हणजे पुरावा नव्हे, हेही येथे नोंदवले पाहिजे.

चाचणी आणि नाडासमोरील सुनावणी

हरयाणातील सोनीपत येथे राष्ट्रीय शिबिर चालू असताना २५ जून २०१६ रोजी यादव यांचा मूत्रनमुना घेण्यात आला. स्पर्धेबाहेरील ही नेहमीची चाचणी होती. दुसरा नमुना ५ जुलै रोजी घेतला गेला. पहिल्या नमुन्याच्या 'अ' आणि 'ब' या दोन्ही भागांत मेथॅनडायनोनचे अंश आढळले. जुलैच्या अखेरीस ही बातमी जाहीर झाली. यादव यांच्यासोबत एकाच खोलीत राहणारे ग्रेको-रोमन मल्ल संदीप तुळशी यादव यांच्याही नमुन्यात हेच द्रव्य सापडले. बचाव पक्षाला या योगायोगाने बळ मिळाले, कारण दोन वेगळ्या प्रकारच्या कुस्त्या खेळणाऱ्या, परंतु एकत्र राहणाऱ्या मल्लांत एकच द्रव्य सापडणे हे खाण्यापिण्यातील भेसळीकडे बोट दाखवते, असा त्यांचा युक्तिवाद होता. अर्थात तीच वस्तुस्थिती उलट बाजूनेही वाचता येते.

शिबिरातील एका कनिष्ठ मल्लाने आपल्या पेयात भेसळ केली, असा यादव यांचा आरोप होता. त्यांनी सोनीपत येथे पोलिसांत तक्रारही दिली. संबंधित मुलगा त्या वेळी अल्पवयीन असल्याचे सांगितले गेले होते आणि आरोप कोणत्याही न्यायपीठापुढे सिद्ध झालेला नाही. त्यामुळे त्याचे नाव येथे दिलेले नाही. दरम्यान महासंघाने यादव यांच्या जागी प्रवीण राणा यांचे नाव सुचवले होते.

नाडाच्या शिस्तपालन समितीने जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुनावणी घेतली. तिचा निर्णय तीन पायऱ्यांवर उभा होता. २ जूनपर्यंतच्या यादव यांच्या कोणत्याही नमुन्यात दोष आढळला नव्हता, ही पहिली पायरी. द्रव्य एकदाच शरीरात गेल्याचे दिसते आणि अशा एकदाच्या सेवनाचा मल्लाला काही लाभ नाही, ही दुसरी. तेव्हा हे सेवन हेतुपुरस्सर नव्हते आणि मल्ल कपटाला बळी पडला, हा निष्कर्ष ही तिसरी. १ ऑगस्ट रोजी यादव दोषमुक्त झाले, राणा यांचे नाव मागे पडले आणि यादव रिओला रवाना झाले.

क्रीडा लवादाचा निर्णय

नाडासारख्या राष्ट्रीय संस्थेच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा अधिकार वाडाला असतो. ऑलिंपिक काळात क्रीडा लवादाचे एक तात्पुरते पीठ यजमान शहरातच बसते आणि तातडीने निवाडे देते. यादव यांची सुनावणी १८ ऑगस्ट रोजी रिओत झाली. आदल्याच दिवशी साक्षी मलिक यांनी ५८ किलो गटात कांस्यपदक जिंकून त्या स्पर्धेतले भारताचे पहिले पदक मिळवले होते. यादव यांची पहिली लढत दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, फ्रान्सच्या झेलिमखान खाद्जिएव यांच्याशी ठरली होती. लास वेगासमध्ये याच मल्लाला हरवून त्यांनी कांस्यपदक आणि ऑलिंपिकची जागा मिळवली होती.

लवादाने नाडाची दुसरी पायरी काढून घेतली आणि मग सारी रचनाच ढासळली. वाडाच्या तज्ज्ञ साक्षीनुसार २५ जूनच्या नमुन्यातील द्रव्याचे प्रमाण इतके होते, की ते पाण्यात मिसळलेल्या भुकटीतून आले असण्यापेक्षा एकदोन गोळ्या घेतल्याने आले असणे अधिक संभवनीय होते. पेयात भेसळ झाल्याचा प्रत्यक्ष पुरावा समोर नव्हता. म्हणून यादव यांनी हे द्रव्य गोळीच्या रूपात, हेतुपुरस्सर आणि एकापेक्षा अधिक वेळा घेतले असावे, हेच सर्वाधिक संभाव्य स्पष्टीकरण आहे, असे लवादाने म्हटले. चार वर्षांची बंदी जाहीर झाली आणि २५ जून २०१६ पासूनचे त्यांचे स्पर्धांतील निकाल रद्द ठरले. यादव यांना क्रीडाग्राम सोडावे लागले. त्या गटात भारताच्या वतीने कोणीच लढले नाही, कारण बदली मल्ल पाठवण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती.

नियमाची घडण

या प्रकरणावरील बरीचशी मराठी चर्चा 'तो खरे बोलत होता की खोटे' या एका प्रश्नाभोवती फिरली. नियमाला तो प्रश्न दुय्यम आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेच्या पायाशी कठोर दायित्वाचे तत्त्व आहे: खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. द्रव्य कसे आले, का आले, हे ठरवल्याशिवायही नियमभंग सिद्ध होतो. हेतूचा विचार होतो तो पुढच्या टप्प्यावर, शिक्षा किती हे ठरवताना.

तेथेही पुराव्याचा भार फिरतो. सामान्य फौजदारी खटल्यात आरोपीला निर्दोष मानून सुरुवात होते आणि गुन्हा निःसंशय सिद्ध करण्याचे काम सरकारचे असते. येथे नमुना दोषी ठरल्यावर हेतू नव्हता हे खेळाडूने दाखवायचे असते. त्यासाठीचे माप 'अधिक संभवनीय काय' एवढेच आहे. ते वरवर सौम्य वाटते; पण ज्याच्या पेयात खरोखरच कोणी काही मिसळले असेल, त्याने ते सिद्ध करायचे कशाने? ग्लास धुतला गेलेला असतो. उलट, प्रत्येक खेळाडूचे 'मला माहीत नाही' हे उत्तर मान्य केले, तर एकही दोषी सापडणार नाही. नियमकर्त्यांनी या दोन अन्यायांपैकी पहिला पत्करला आहे, आणि तो जाणूनबुजून पत्करला आहे.

ॲनाबॉलिक स्टेरॉइड ज्या वर्गात मोडतात त्या वर्गासाठी २०१५ च्या संहितेत मूळ शिक्षाच चार वर्षांची आहे. हेतू नव्हता हे दाखवले तर ती दोन वर्षे होते. दोष किंवा निष्काळजीपणा मुळीच नव्हता हे दाखवले तर बंदी पूर्णपणे टळते. नाडाने यादव यांना हा शेवटचा लाभ दिला होता. या कलमावरील संहितेची टीप मोठी बोलकी आहे. पुरेपूर काळजी घेऊनही प्रतिस्पर्ध्याने घात केला, तर असा लाभ मिळू शकतो, असे ती म्हणते. पण जोडीदाराने, प्रशिक्षकाने किंवा खेळाडूच्या वर्तुळातील अन्य कोणी खाण्यापिण्यात काही मिसळले, तर मिळत नाही. आपले अन्न कोणाच्या हाती सोपवावे, हे ठरवणे खेळाडूचेच काम आहे, असे तिचे कारण आहे. पुण्याच्या पेठांतील तालमींत मल्लाने आपली थंडाई आपणच घोटावी आणि खुराकावर वस्तादाची नजर असावी, अशी शिस्त असे. शेकडो खेळाडूंचे जेवण एका भटारखान्यात शिजणाऱ्या आजच्या शिबिरात ती शिस्त पाळणे कठीण आहे.

मेथॅनडायनोन

मेथॅनडायनोन हे तोंडावाटे घेता येणारे कृत्रिम स्टेरॉइड आहे. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने ते १९५० च्या दशकात 'डायनाबॉल' या नावाने बाजारात आणले आणि अमेरिकेतील भारोत्तोलकांत ते झपाट्याने पसरले. यकृतात ते लवकर नष्ट होऊ नये म्हणून त्याच्या रेणूत जो बदल केला आहे, तोच बदल यकृताला अपायकारक ठरतो. शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन तयार करण्याचे काम मंदावणे, रक्तदाब आणि रक्तातील मेदाचे संतुलन बिघडणे, पुरुषांत स्तनवृद्धी होणे हे त्याचे अन्य दुष्परिणाम आहेत. ऑलिंपिकमध्ये ॲनाबॉलिक स्टेरॉइडची तपासणी प्रथम १९७६ च्या माँट्रियल स्पर्धेत झाली. मूळ द्रव्य शरीरातून लवकर निघून जात असले, तरी त्याचे काही अवशेष पुष्कळ काळ टिकतात. ते ओळखण्याच्या पद्धती सुधारल्यामुळे आता जुने सेवनही पकडता येते.

तुलनेसाठी अन्य प्रकरणे

यादव प्रकरणाचा साचा भारताला नवा नव्हता. इ.स. २०११ मध्ये अश्विनी अक्कुंजी यांच्यासह सहा धावपटूंच्या नमुन्यांत स्टेरॉइड आढळले. परदेशी प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगच्या पूरक आहारातून ते आले, असे त्यांनी सांगितले. देशातील समितीने सौम्यपणे एक वर्षाची बंदी घातली; क्रीडा लवादाने २०१२ मध्ये ती दोन वर्षांची केली. देशात सहानुभूती आणि बाहेर काठिन्य, हा क्रम दोन्ही प्रकरणांत सारखाच दिसतो.

मुंबईचे क्रिकेटपटू पृथ्वी शॉ यांचे प्रकरण याहून वेगळे आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडक स्पर्धेच्या वेळी इंदूर येथे घेतलेल्या त्यांच्या नमुन्यात टर्ब्युटालिन आढळले. हे स्टेरॉइड नसून श्वासनलिका रुंदावणारे औषध आहे आणि खोकल्याच्या काही औषधांत ते असते. आपण खोकल्यासाठी औषध घेतले, हे शॉ यांचे स्पष्टीकरण भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने स्वीकारले आणि आठ महिन्यांची बंदी मागील तारखेपासून लागू करून ती १५ नोव्हेंबर २०१९ रोजी संपवली. क्रिकेट मंडळ तोवर नाडाच्या कक्षेबाहेर होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते या व्यवस्थेखाली आले. शॉ यांचे स्पष्टीकरण पटण्याजोगे होते, कारण द्रव्यच तसे होते. मेथॅनडायनोन असलेले खोकल्याचे औषध मिळत नाही.

प्रामाणिकपणाचा प्रश्न सर्वांत उघडपणे चर्चिला गेला तो अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये. तेथे कित्येक वर्षे चाचण्याच नसल्याने सारा भर खेळाडूच्या कबुलीवर राहिला. मार्क मॅकग्वायर यांनी १९९८ मध्ये एका हंगामात ७० होमरन फटकावले. मार्च २००५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे ते भूतकाळाविषयी बोलण्यास नकार देऊन बसले आणि स्टेरॉइड घेतल्याची कबुली त्यांनी २०१० मध्ये दिली. त्याच समितीपुढे राफाएल पाल्मेइरो यांनी बोट रोखून, शपथेवर इन्कार केला. काही महिन्यांतच त्यांच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल सापडले. सहकाऱ्याने दिलेल्या बी-१२ जीवनसत्त्वातून ते आले असावे, असा खुलासा त्यांनी केला. डिसेंबर २००७ मधील मिचेल अहवालात ८९ खेळाडूंची नावे होती. कारकिर्दीत ७६२ होमरन फटकावणारे बॅरी बाँड्स यांना कोणत्याही चाचणीने बेसबॉलमधून बाद केले नाही. तरीही पत्रकारांच्या मतदानात दहा वर्षांत एकदाही त्यांना सन्माननीय खेळाडूंच्या दालनात प्रवेशासाठी लागणारी ७५ टक्के मते मिळाली नाहीत. तेथे शिक्षा लोकमताने दिली, येथे प्रयोगशाळेने.

नंतरच्या घडामोडी

भेसळीच्या आरोपाचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवण्यात आला. यादव यांची बंदी २०२० च्या मध्यास संपली आणि डिसेंबर २०२० मध्ये ते बेलग्रेड येथील विश्वचषक स्पर्धेत पुन्हा मॅटवर उतरले. परंतु पूर्वीचे स्थान त्यांना परत मिळवता आले नाही. एप्रिल २०२४ मध्ये ते भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले.

ज्या दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेवर भारतातील चाचण्यांची भिस्त होती, तिची मान्यता वाडाने ऑगस्ट २०१९ मध्ये निलंबित केली. ती डिसेंबर २०२१ मध्ये पूर्ववत झाली. नाडाच्या कामाला कायद्याचा आधार देणारा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी अधिनियम संसदेने २०२२ मध्ये संमत केला. वाडाच्या आकडेवारीनुसार त्या वर्षी भारतात तपासलेल्या ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ सदोष निघाले. हे प्रमाण ३.२ टक्के असून, दोन हजारांहून अधिक चाचण्या करणाऱ्या देशांत ते सर्वाधिक होते.

लवादाने रद्द केले ते २५ जून २०१६ नंतरचे निकाल. त्यामुळे दिल्लीचे सुवर्णपदक, इंचॉन आणि लास वेगासची कांस्यपदके आणि महाराष्ट्र केसरीच्या तिन्ही गदा यादव यांच्या नावावर कायम आहेत.